कुणी न नेलेला चष्मा

आमची नायिका मेलेली आहे, हे आम्हाला तालमी निम्म्याच्या वर झाल्यावर कळलं. तोवर ती रोज संध्याकाळी गात होती, नाचत होती, आणि मध्ये सुट्टी झाली की आपला डबा उघडून सगळ्यांना वाटत होती.

सांगितलं ते शिट्टीबाईंनी. शिट्टीबाई म्हणजे आमच्या दिग्दर्शिका. तालमी एका शाळेच्या व्यायामशाळेत चालायच्या. तिथे आवाज इतका घुमतो की माणसाचं बोलणं आधी छताला जाऊन मग सावकाश खाली येतं, म्हणून त्या गळ्यात शिट्टी अडकवून फिरायच्या. जन्मभर भूगोल शिकवलेला. नटाला डावीकडे हो, उजवीकडे हो असं कधी म्हणायच्या नाहीत. ‘थोडा पूर्वेला सरक,’ म्हणायच्या, आणि नट बिचारा खिडकीतून सूर्य शोधायचा.

त्या दिवशी त्यांनी शिट्टी वाजवली नाही, मला हाताने जवळ बोलावलं. हातात वाचनालयाचं जाडजूड पुस्तक होतं, आणि खूण म्हणून आत अंगठा.

‘तुमची धाकटी बुडते,’ त्या म्हणाल्या.

‘कुठे बुडते?’

‘दुसऱ्या खंडाच्या शेवटी. पुरात. कंदील आणायला परत जाते आणि येत नाही. तिसऱ्या खंडात ती नाहीच. आणि तुम्ही तर तिसऱ्या खंडातली सगळी गाणी तिला देऊन बसलात.’

मी हसले. ‘तुमची प्रत चुकीची असेल.’

‘कुत्रासुद्धा पहिल्याच खंडात गेलाय,’ त्या शांतपणे म्हणाल्या.

कुत्र्याचं काम करणारे गृहस्थ पलीकडे बाकावर बसून उसवलेल्या शेपटीला टाका घालत होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुईत डोकं घातलं.

ती कादंबरी, म्हणजे तिन्ही खंड मिळून, सगळ्यांना माहीत असते आणि फारशी कुणी वाचलेली नसते. शाळेत तिच्यातला एक धडा असतो, तेवढ्यावर लोक आयुष्य काढतात. रुंद नदी, तिच्यावर नाव चालवणारा बाप, आणि त्याच्या दोन मुली, थोरली आणि धाकटी. पहिल्या खंडात त्या लहान असतात, दुसऱ्यात पूर येतो, तिसऱ्यात नदीवर पूल होतो आणि नावेचं काम संपतं. या तिन्हींचं मिळून एक संगीत नाटक करायचं असं आमच्या मंडळाने ठरवलं, तेव्हा लिहायला मला आणि चाली द्यायला दादाला बोलावलं. का, तर या दोघा भावंडांना ती कादंबरी तोंडपाठ आहे अशी आमची ख्याती होती. आणि होतीच. कुणी एखादं वाक्य अर्ध्यावर सोडलं तर आम्ही ते पुरं करायचो. त्यामुळे लिहिताना मी एकदाही पुस्तक उघडलं नाही. पाठ असलेलं पुस्तक उघडणं म्हणजे स्वतःच्या घराचा पत्ता शेजाऱ्याला विचारणं, असं मला वाटायचं. माझा स्वभावच तसा आहे. शहाणपणा मिरवायला मला कुणाचा आग्रह लागत नाही.

आम्हाला ती कादंबरी बाबांनी वाचून दाखवली होती. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. जेवणं आटोपली की आई टेबलावर जाड चादर अंथरून इस्त्रीला उभी राहायची आणि बाबा दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसायचे. आई लोकांचे कपडे शिवून द्यायची, म्हणून इस्त्रीला अंत नसायचा, आणि त्यामुळे वाचनालाही.

या वाचनाचा एक नियम होता. ऐकता ऐकता आई कधीतरी इस्त्री उचलून टाचेवर उभी करायची. टक् असा आवाज यायचा. मग ती म्हणायची, ‘अहो, चष्मा बघा.’

बाबा लगेच थांबायचे. डोळ्यांवरचा चष्मा काढून काच उजेडात धरायचे, ‘खरंच की, चुकीचा लागलाय,’ म्हणायचे आणि टेबलाचा खण उघडायचे. त्या खणात लोकांनी करायला टाकलेले आणि कधीच न्यायला न आलेले चष्मे असायचे. त्यातला एक तपकिरी ठिपक्यांच्या काड्यांचा चष्मा ते डोळ्यांवर चढवायचे, पान मागे उलटायचे, घसा साफ करायचे आणि तेच पुन्हा वाचायचे. या खेपेला ते वेगळं निघायचं. मघाशी मेलेला कुत्रा आता चिखलाने माखून दारात यायचा. मघाशी मुलींना उपाशी ठेवणारी आत्या आता नुसती कुरकुर करायची आणि वाढायची. आई इस्त्री आडवी करायची आणि पुढचा सदरा ओढायची.

मला वाटायचं पुस्तकं अशीच असतात. चष्मा बरोबर लागला की गोष्ट बरोबर दिसते. शाळेत एकदा बाई गोष्ट वाचत होत्या, तिच्यात एक बदक मेलं, तेव्हा मी हात वर करून म्हटलं, ‘बाई, चष्मा बघा.’ उरलेला तास मी वर्गाबाहेर काढला.

बाबा गेल्यापासून ते दुकान दादा चालवतो. चालीही तिथेच बांधतो, गिऱ्हाईक नसताना, मागच्या खोलीतल्या पियानोवर. आमची पद्धत अशी की आधी चाल, मग शब्द. शब्द येईपर्यंत चालीत काहीतरी भरावं लागतं. बाकीचे लोक ‘ला ला’ भरतात, दादा चष्म्यांचे नंबर भरतो. ‘उणे सव्वा, उणे दीड, डावा डोळा झाका थोडा,’ हे तो इतक्या कळवळ्याने गायचा की तिसऱ्या खंडातली कंदिलाच्या गाण्याची चाल मी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा त्या नंबरांवरच मला रडू आलं. मग त्या जागी मी शब्द बसवले. पोटासाठी मी औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं तपासते, ‘उपाशीपोटी घेऊ नये’ वगैरे, तेव्हा थोड्या जागेत पुष्कळ कोंबायची मला सवय आहे.

ते दिवस फार सुखाचे होते. दुपार दुकानाच्या काचेतून आत यायची, भिंतीवर टांगलेल्या चष्म्यांच्या रांगांमधून फुटायची, आणि छतावर बारीक बारीक उजेड हलत राहायचे. खाली आम्ही दोघं त्या नदीत. दादा एक सूर लांबवायचा, मी त्यात एक शब्द सोडायची, तो शब्द तरंगला तर ठेवायचा, बुडाला तर दुसरा. कुणी दार ढकलून आत आलं की आम्हाला काठावर यायला जरा वेळ लागायचा. एकदा एका बाईंना दादाने चष्म्याऐवजी ‘पलीकडे जायचंय का?’ असं विचारलं होतं.

धाकटीचं काम लवंगी करत होती. हे तिचं टोपणनाव. दातांच्या दवाखान्यात कामाला होती, अंगाने एवढीशी, पण तोंड उघडलं की व्यायामशाळेच्या खिडक्या थरथरायच्या. आली होती मागे उभं राहून गाणाऱ्यांत, पण कानामागून आली आणि तिखट झाली. अशा मुलीला दुसऱ्या खंडात बुडवायचं म्हणजे काय?

शिट्टीबाईंकडून पुस्तक घेऊन मी घरी गेले आणि वाचायला बसले. ते प्रकरण तसंच होतं, त्या म्हणाल्या तसंच. धाकटी नावेतला कंदील विसरते आणि परत जाते. आरडाओरडा नाही, वीज नाही, देवाचा धावा नाही. पलीकडच्या काठावरून थोरलीला एक उजेड चालताना दिसतो, मग थांबलेला दिसतो, मग दिसत नाही. एवढंच. लेखक लगेच नावेच्या दोराबद्दल बोलायला लागतो. मी इतकी वर्षं शब्दांशी झटापट करत आले, पण असं एक पान माझ्या हातून उतरलेलं नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं आणि झोंबलं.

मग तिसरा खंड काढला, आणि बाबांनी काय केलं होतं ते दिसायला लागलं. खऱ्या तिसऱ्या खंडात थोरली एकटी आहे आणि उठता बसता धाकटीची आठवण काढते. ती असती तर या वळणावर हसली असती. ती असती तर तिने रोज धक्क्यावर कंदील लावला असता, पुलावरून पहिल्यांदा ती पळत गेली असती. बाबांनी फारसं काही रचलं नव्हतं. थोरली जिथे जिथे तिची आठवण काढते तिथे तिथे त्यांनी तिला आणून उभं केलं होतं, आणि जे जे तिने केलं असतं ते तिला करू दिलं होतं. आमच्या घरात ती त्या वळणावर हसली. तिनेच कंदील लावला. अख्खा खंड त्यांनी असा वाचला होता, आणि मी माझी सगळी गाणी त्या न लिहिलेल्या खंडावर लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी ते पुस्तक दादाच्या काउंटरवर आपटलं. ‘धाकटी मरते.’

दादा एका काडीचा स्क्रू पिळत होता. ‘हो,’ तो म्हणाला.

‘हो म्हणजे काय?’

‘म्हणजे मला माहीत होतं. तेव्हाच. स्टुलावर चढून मी ते पान वाचलं होतं.’

‘आणि मला सांगितलं नाहीस? मी वेड्यासारखी गाणी लिहितेय, तू चाली देतोयस, आणि तोंडातून ब्र नाही?’

‘तू छान लिहीत होतीस.’ त्याने स्क्रू तपासला, पुन्हा अर्धा फेरा दिला. ‘आणि मला ती तिसऱ्या खंडात हवी होती.’

मागच्या खोलीत पियानोवर तो तपकिरी चष्मा पडलेला असायचा, स्वरलिपीचे कागद पंख्याने उडू नयेत म्हणून. दादाने तो आणून माझ्या हातात दिला. ‘लाव.’

मी लावला. दुकान विरघळलं. भिंती, रांगा, दादा, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं झालं, नुसते रंग उरले.

‘ज्याचा हा चष्मा, तो माणूस जवळजवळ आंधळा असणार,’ त्या रंगांमधून दादा म्हणाला. ‘बाबांचा नंबर मला पाठ आहे. हा लावला की बाबांना अक्षर सोड, धरलेलं पुस्तकही धड दिसत नसेल. आणि तिसरा खंड त्यांनी सगळा हा लावून वाचला. आठवतंय? एकदाही काढला नाही.’

मी तो चष्मा लगेच काढला नाही. रडतेय हे त्याला दिसू नये म्हणून. पण त्याला दिसलंच असणार, त्याचा धंदाच तो.

आई दादाकडेच राहते, दुकानावरच्या त्याच घरात. गुडघे गेले म्हणून हातात काठी आली आहे, डोकं मात्र आमच्या दोघांचं मिळून होईल त्यापेक्षा जास्त चालतं. अजून इस्त्री करते, आता घरच्यांपुरती, स्टुलावर बसून. मी वर गेले तेव्हा उशांचे अभ्रे चालले होते.

‘आई, पुस्तकात धाकटी मरते हे तुला माहीत होतं?’

‘पुस्तकात काय का होईना,’ आई म्हणाली. ‘आपल्याकडे नाही मरत.’

‘पण माहीत होतं ना?’

‘अगं, त्यांचा आवाज पडला. पुढे वाईट दिसलं की माणूस हळू वाचतो.’ तिने अभ्र्याचे कोपरे ओढून घेतले. ‘तू तिथे होतीस, त्या भिंतीला. खाट इकडे स्वयंपाकघरात आणली होती, ऊब असते म्हणून. तुझा ताप उतरत नव्हता. आदल्या दिवशी डॉक्टर येऊन गेले ते यांच्याशी जिन्यात बोलले. जिन्यात. माझ्यासमोर नाही. आणि दुसऱ्या दिवशी हे आपले वाचायला बसले, तर ती पोर कंदील घेऊन निघाली पाण्यात. तुझ्याएवढीच. म्हटलं, हे या खोलीत चालायचं नाही.’

मला ते आजारपण म्हणून आठवत नाही. आठवतं ते छत, त्या छताखालून संथ वाहणारी नदी, आणि थोड्या थोड्या वेळाने माझ्या कपाळाला लागणारा उलटा हात. इस्त्रीमुळे तो नेहमी गरम असायचा, त्यामुळे त्याला ताप कसा कळत असेल याचं मला नवल वाटायचं.

‘म्हणजे बाबांनी तिला वाचवली म्हणून मी वाचले?’ मी जरा चेष्टेवारी नेलं.

‘औषधाने वाचलीस. मी काय खुळी आहे?’ आई म्हणाली. ‘पण ती गेली असती आणि मागोमाग तू गेली असतीस, तर मी यांच्याशी जन्मात बोलले नसते. ते त्यांनाही कळलं होतं.’ तिने अभ्रा घडी करून ढिगावर ठेवला. ‘मग नाटकात काय करताय?’

‘बघू.’

‘बघू म्हणजे बुडवणार,’ आई म्हणाली, आणि दुसरा अभ्रा घेतला.

तिचं खरं होतं. मी मनात ठरवून टाकलं होतं. शिट्टीबाईंनी निर्णय आमच्यावर सोडला होता, पण त्या कादंबरीचं नाव लावून तिच्यात जे नाही ते दाखवायचं, हे मला पटत नव्हतं. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की ते पान मला रंगमंचावर बघायचं होतं. चालणारा उजेड, थांबलेला उजेड, मग काही नाही. असं पान हाती लागल्यावर लिहिणाऱ्या माणसाला हाव सुटते, आणि तेव्हा त्याला आई आठवत नाही, बाप आठवत नाही. आठवली तरी तो मान फिरवतो.

दादाने ऐकून घेतलं. ‘शब्द तुझे आहेत, बदल. कंदिलाचं गाणं थोरलीला दे, आठवण म्हणून. चाल तीच राहील. पण तिला बुडवायला माझ्याकडे चाल नाही.’

‘चार सूर तर दे. काहीही.’

‘नाही.’

‘मग तिथे काय वाजवणार?’

‘हात मांडीवर ठेवून बसेन.’

मी त्याला वाटेल ते बोलले. तू भित्रा आहेस, म्हणाले, तुला नाटक कळत नाही, फक्त भिंगं कळतात. तो एक काच पुसत राहिला, त्यामुळे माझं आणखी डोकं फिरलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलणं बंद केलं. निरोप शिट्टीबाईंमार्फत जायचे. ‘तुमच्या भावाला सांगा दुसरं कडवं संथ घ्या.’ ‘तुमच्या बहिणीला सांगा शब्द लांब झालाय.’ एका घरात वाढलेली दोन माणसं भूगोलाच्या बाईंच्या दोन बाजूंना उभी, एक उत्तरेला, एक दक्षिणेला.

शिट्टीबाईंना मात्र ती शांतता आवडली. ‘राहू दे,’ म्हणाल्या. ‘पाणी खोल असलं की आवाज करत नाही.’ मग तो प्रसंग तसाच बसवला. व्यायामशाळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळं कापड, दोन्हीकडे ते हलवणारी माणसं, मागून चालणारा कंदील. कंदील थांबतो. विझतो. कुठे खुट्ट नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा कापड धरलेली माणसं ते खाली ठेवायला विसरली. मला जे हवं होतं ते अगदी तसं मिळालं होतं, आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

लवंगीला आता तिसऱ्या अंकात काम नव्हतं. ‘बरंच झालं, लवकर घरी जाईन,’ असं ती म्हणाली, पण जायची नाही. विंगेत पायरीवर बसून थोरलीचं गाणं ऐकायची, आणि तिचे ओठ जुन्या शब्दांवर हलत राहायचे. दादानेही जुने कागद टाकले नाहीत. ते त्याच तपकिरी चष्म्याखाली पियानोवर पडून होते. मी शिट्टीबाईंमार्फत दोनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आई पहिल्या प्रयोगाला येणार हे ठरलेलं होतं. ती पहिल्या रांगेत बसणार, ते पान तिच्यासमोर येणार, आणि या खेपेला समोर बाबा नसणार. हा विचार रोज यायचा. तरीही मी काही बदललं नाही.

प्रयोग दुपारचा होता. लहानसं नाट्यगृह, लाकडी जमीन, पियानो रंगमंचाच्या खाली एका बाजूला. आई कडक इस्त्रीचे कपडे घालून आली होती आणि काठी गुडघ्यांवर आडवी धरून बसली होती. मी तिच्या शेजारी. दादा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, एका बाजूने दिसणारा, आणि पियानोवर दुकानातून आणलेले ते जुने कागद, वर तपकिरी चष्मा.

पहिला अंक छान गेला. कुत्रा मेला, कारण आता तोही पुस्तकाप्रमाणे मरत होता. आईने काठी जरा हलवली. मग मला ऐकू येईल इतपत म्हणाली, ‘त्याचं वय झालं होतं,’ आणि पुढे बघू लागली.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी पूर आला. निळं कापड फुगलं, पियानो चढत गेला, चढत गेला, आणि थांबला. दादाने हात मांडीवर ठेवले. सगळ्या नाट्यगृहात कापडाची सळसळ तेवढी उरली. मागून कंदील चालू लागला. तो इतका सावकाश येत होता की मला वाटलं हे मी लिहिलेलंच नाही, हे कधीपासूनच चालू होतं आणि आम्ही आत्ता येऊन बसलो आहोत. कंदील मध्यावर आला. थांबला.

टक्.

आईने काठी उभी केली होती.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘चष्मा बघा.’

ओरडून नाही. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला सांगावं तसं, रोजच्या आवाजात. पण त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मागून कुणीतरी ‘शू’ केलं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की माझं पान गेलं.

कंदील विझला नव्हता. कापडामागे लवंगी होती तिथेच उभी राहिली होती.

दादा हलला नाही. मग त्याने आपला चष्मा काढला, उजेडात धरला आणि काच बघितली. ‘खरंच की,’ तो म्हणाला. ‘चुकीचा लागलाय.’

आवाज बाबांचा होता. मी दादाच्या आवाजासोबत अख्खा जन्म काढला आहे, त्यात बाबा कुठे बसले होते ते मला कधी सापडलं नव्हतं.

त्याने पियानोवरचा तपकिरी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. त्याखालचे कागद मोकळे होऊन एकेक खाली घसरले, ते त्याने उचलले नाहीत. त्याला आता ते दिसतही नव्हते. समोरच्या वहीचं पान त्याने चाचपून मागे उलटलं, घसा साफ केला, आणि पूर पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला घेतला.

कापड धरलेली माणसं गोंधळून विंगेकडे बघायला लागली. तिथे शिट्टीबाई शिट्टी ओठांत धरून उभ्या होत्या. त्यांनी ती वाजवली नाही. हात लांब करून फक्त पश्चिमेला दाखवलं. माणसं कापड घेऊन मागे सरकली, आणि अख्खी नदी आमच्या डोळ्यांसमोर उलटी वाहत गेली. थांबलेला कंदील हलला आणि अलीकडच्या काठाला येऊन पोचला. लवंगी बाहेर आली. काठावर थोरली तोंड उघडून उभी होती, कारण पुरामागोमाग तिसऱ्या अंकातलं आठवणीचं गाणं तिने सुरू करायचं होतं. तिने लवंगीकडे बघितलं, तोंड मिटलं आणि बाजूला सरकून तिला जागा दिली.

लवंगीने कंदील धक्क्यावर लावला आणि जुन्या शब्दांत गायला लागली. इतक्या दिवसांत ते शब्द ती विसरली नव्हती, एकही नाही. मध्येच कुत्रा शेपटी हलवत आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मागच्या रांगेत एक आजोबा म्हणाले, ‘पण ती तर बुडाली होती ना?’ आणि त्यांची बायको म्हणाली, ‘तुम्ही गप्प बसा.’ दादा वाजवता वाजवता स्वतःशी काहीतरी पुटपुटत होता. मला ते ओठांवरून ओळखता आलं. उणे सव्वा, उणे दीड.

बाबा त्या दिव्याजवळ बसलेत, समोर पुस्तक आहे आणि त्यांना त्यातलं एक अक्षर दिसत नाही, हे मला पहिल्यांदा नीट दिसलं. भिंतीशी खाटेवर मी पडलेली. आणि ते न अडखळता वाचतायत, उद्या काय वाचायचं ते माहीत नसताना. धाकटी बुडते ते पान अजूनही मी लिहिलेल्या सगळ्यापेक्षा चांगलं आहे. पण मला ते आमच्या घरात नको होतं. मी हुंदके देऊन रडायला लागले, लोक बघत होते तरी.

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. काठी खांद्याला टेकवली, हात उलटा करून माझ्या कपाळाला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आज इस्त्री नव्हती, पण हात तसाच गरम होता.

‘नाहीये ताप,’ ती म्हणाली, आणि पुन्हा नावेकडे बघायला लागली.